एम.बी.ए. अभ्यासक्रमाचे शैक्षणिक नियम (महाराष्ट्र)

एम.बी.ए. (विस्तारित रूप: मास्टर ऑफ बिझनेस ॲडमिनिस्ट्रेशन, मराठी: व्यवसाय प्रशासन निष्णात) ही व्यवस्थापन विषयातील पदव्युत्तर पदवी आहे. महाराष्ट्रात हा अभ्यासक्रम सामान्यतः दोन वर्षांचा व चार सत्रांचा असतो. मुंबई विद्यापीठात याच स्तरावरील पदवी एम.एम.एस. (मास्टर ऑफ मॅनेजमेंट स्टडीज) या नावानेही दिली जाते. प्रवेशासाठीची अर्हता, सामाईक परीक्षा, वर्गातील उपस्थिती, श्रेयांक, उत्तीर्ण होण्याचे निकष, पुढील वर्षात जाण्याच्या अटी, प्रकल्प अहवाल, परीक्षेतील शिस्त आणि पदवी मिळवण्याची कालमर्यादा यांविषयीच्या नियमांना एकत्रितपणे या अभ्यासक्रमाचे शैक्षणिक नियम म्हणतात. हे नियम एका ग्रंथात एकत्र आढळत नाहीत. काही संसदेच्या व राज्य विधिमंडळाच्या कायद्यांतून, काही केंद्रीय नियामक संस्थांच्या विनियमांतून, तर बरेचसे त्या त्या विद्यापीठाच्या अध्यादेशांतून व परिपत्रकांतून आलेले असतात.

पार्श्वभूमी

व्यवस्थापनाचे पदव्युत्तर शिक्षण अमेरिकेत विसाव्या शतकाच्या आरंभी सुरू झाले. १९०८ मध्ये स्थापन झालेल्या हार्वर्ड विद्यापीठाच्या व्यवसाय शाखेने एम.बी.ए. या नावाचा जगातील पहिला अभ्यासक्रम सुरू केला. भारतात १९६१ मध्ये कोलकाता व अहमदाबाद येथे भारतीय व्यवस्थापन संस्था (आय.आय.एम.) स्थापन झाल्या. १९६५ मध्ये तत्कालीन मुंबई विद्यापीठाने अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या व्यवसाय शाखेच्या सहकार्याने जमनालाल बजाज व्यवस्थापन अभ्यास संस्था सुरू केली. राज्यात आज भारतीय व्यवस्थापन संस्थांपैकी दोन आहेत: २०१५ मध्ये सुरू झालेली नागपूरची संस्था आणि २०२३ मध्ये कायद्यातील दुरुस्तीने हा दर्जा मिळालेली मुंबईची संस्था, जी पूर्वी ‘निटी’ या नावाने ओळखली जात असे.

नियम करणाऱ्या संस्था

विद्यापीठ अनुदान आयोग: १९५६ च्या कायद्यान्वये चालणारा हा आयोग पदव्यांची नावे, किमान कालावधी व सर्वसाधारण दर्जा ठरवतो. या कायद्याच्या कलम २२ नुसार पदवी देण्याचा अधिकार केवळ विद्यापीठांना, अभिमत विद्यापीठांना व संसदेने तसा अधिकार दिलेल्या संस्थांनाच आहे.

अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद: १९४५ मध्ये सल्लागार मंडळ म्हणून स्थापन झालेल्या या परिषदेला १९८७ च्या कायद्याने वैधानिक दर्जा मिळाला. व्यवस्थापन संस्थांना मान्यता देणे, प्रवेशक्षमता ठरवणे, शिक्षकसंख्या व सुविधांचे निकष घालून देणे ही कामे ती करते. परिषदेच्या अधिकारकक्षेबाबत न्यायालयांत वाद झाले आहेत. विद्यापीठांना स्वतःच्या विभागांत तांत्रिक अभ्यासक्रम सुरू करण्यासाठी परिषदेची पूर्वपरवानगी आवश्यक नाही, मात्र तिने ठरवलेला दर्जा त्यांनी पाळला पाहिजे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये भारतीदासन विद्यापीठाच्या प्रकरणात दिला. २०१३ मध्ये संलग्न महाविद्यालयांतील एम.बी.ए. हा अभ्यासक्रम ‘तंत्रशिक्षण’ या संज्ञेत बसत नाही, असा निकाल त्याच न्यायालयाने दिला. परंतु २०१४ मधील अंतरिम आदेशांनंतर परिषदेची मान्यता प्रक्रिया पुन्हा चालू राहिली.

विद्यापीठ: राज्यातील शासकीय विद्यापीठे ‘महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६’ नुसार चालतात. या अधिनियमात चार विद्याशाखा असून एम.बी.ए. हा अभ्यासक्रम ‘वाणिज्य व व्यवस्थापन’ या शाखेत येतो. अभ्यासमंडळ अभ्यासक्रम तयार करते, विद्यापरिषद त्यास मान्यता देते आणि परीक्षा व मूल्यमापन मंडळ परीक्षांचे नियोजन करते. त्यामुळे उत्तीर्णतेचे गुण, अंतर्गत व लेखी परीक्षेच्या गुणांचे प्रमाण, पुढील वर्षात जाण्याची अट यांसारख्या दैनंदिन महत्त्वाच्या बाबी विद्यापीठागणिक वेगळ्या असतात. स्वायत्त महाविद्यालये, अभिमत विद्यापीठे व खाजगी विद्यापीठे यांना अशा बाबतींत स्वतःचे नियम करता येतात.

पदवी व पदविका यांतील भेद

एम.बी.ए. ही पदवी आहे, तर पी.जी.डी.एम. ही पदव्युत्तर पदविका आहे. दोन्हींचा कालावधी व विषय बहुतांशी सारखे असले तरी कायद्याच्या दृष्टीने त्यांत फरक आहे. विद्यापीठाशी संलग्न नसलेल्या संस्था कलम २२ मुळे पदवी देऊ शकत नाहीत. त्या तंत्रशिक्षण परिषदेच्या मान्यतेने पदविका देतात. भारतीय व्यवस्थापन संस्थाही अनेक दशके पदविकाच देत असत. ‘भारतीय व्यवस्थापन संस्था अधिनियम, २०१७’ हा ३१ जानेवारी २०१८ पासून अमलात आल्यावर त्यांना पदवी देण्याचा अधिकार मिळाला.

हा भेद विद्यार्थ्याला बहुधा पुढील शिक्षणाच्या वेळी जाणवतो. पीएच.डी. साठी किंवा अध्यापनाच्या पदासाठी अर्ज करताना पदविका ही पदवीशी समकक्ष आहे काय, असा प्रश्न उपस्थित होतो. ही समकक्षता भारतीय विद्यापीठ महासंघ देतो, त्यासाठी अभ्यासक्रम दोन वर्षांचा पूर्णवेळ व तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता असलेला असावा लागतो, तसेच त्याला राष्ट्रीय मूल्यांकन मंडळाचे (एन.बी.ए.) मूल्यांकन असावे लागते. परिषदेची मान्यता आणि महासंघाची समकक्षता या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. पहिली असल्याने दुसरी आपोआप मिळत नाही.

प्रवेशाची अर्हता

उमेदवाराकडे मान्यताप्राप्त विद्यापीठाची किमान तीन वर्षांच्या कालावधीची कोणत्याही शाखेची पदवी असावी लागते आणि त्या परीक्षेत किमान ५० टक्के गुण आवश्यक असतात. राज्यातील मागासवर्गीय व दिव्यांग उमेदवारांसाठी ही मर्यादा ४५ टक्के आहे. पदवीच्या अंतिम वर्षात शिकणाऱ्या विद्यार्थ्याला सामाईक परीक्षेस बसता येते. मात्र प्रवेशाच्या वेळी त्याने अर्हता पूर्ण केलेली असली पाहिजे. सामाईक परीक्षेत उत्तम गुण मिळूनही अंतिम वर्षाचा एखादा विषय राहिल्यास प्रवेश मिळू शकत नाही.

सामाईक प्रवेश परीक्षा

राज्यातील बहुसंख्य जागांसाठी ‘एमएएच-एमबीए/एमएमएस सीईटी’ ही संगणकाधारित परीक्षा राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष घेतो. प्रचलित रचनेत २०० बहुपर्यायी प्रश्नांसाठी १५० मिनिटे दिली जातात. त्यांत तार्किक विचारक्षमतेचे ७५, अमूर्त (आकृतींवर आधारित) विचारक्षमतेचे २५, संख्यात्मक क्षमतेचे ५० आणि भाषिक क्षमता व उताऱ्याचे आकलन यांचे ५० प्रश्न असतात. चुकीच्या उत्तरासाठी गुण कापले जात नाहीत. कॅट, सीमॅट, झॅट, मॅट, जीमॅट इत्यादी अखिल भारतीय किंवा आंतरराष्ट्रीय परीक्षांचे गुणही विहित नियमांनुसार विचारात घेतले जातात. काही अभिमत विद्यापीठे स्वतंत्र परीक्षांच्या आधारे प्रवेश देतात, उदा. सिम्बायोसिस आंतरराष्ट्रीय विद्यापीठाची ‘स्नॅप’ ही परीक्षा.

परीक्षा अनेक सत्रांत होत असल्याने निकाल शततमक (पर्सेंटाइल) रूपात जाहीर होतो. शततमक म्हणजे टक्केवारी नव्हे. एखाद्या सत्रात ३०,००० उमेदवार बसले आणि त्यांपैकी २७,००० जणांचे गुण एका उमेदवाराच्या गुणांइतके किंवा त्याहून कमी असले, तर त्या उमेदवाराचा शततमक ९० होतो. त्याला २०० पैकी १८० गुण मिळाले असा याचा अर्थ होत नाही. तो आपल्या सत्रातील इतरांच्या तुलनेत कोठे उभा आहे, एवढेच ही संख्या सांगते.

प्रवेश प्रक्रिया व शुल्क

विनाअनुदानित खाजगी व्यावसायिक संस्थांतील प्रवेश व शुल्क यांचे नियमन करण्यासाठी राज्याने २०१५ मध्ये स्वतंत्र कायदा केला. त्यान्वये प्रवेश नियामक प्राधिकरण व शुल्क नियामक प्राधिकरण ही दोन प्राधिकरणे निर्माण झाली. बहुतांश जागा केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून गुणवत्ता व आरक्षण यांनुसार भरल्या जातात. उर्वरित जागा संस्थास्तरावर भरल्या जातात. संस्थास्तरावरील जागांनाही अर्हतेचे नियम लागू असतात आणि अशा प्रवेशांना प्राधिकरणाची मान्यता घ्यावी लागते. ही मान्यता न मिळाल्यास विद्यार्थी वर्गात बसत असला तरी त्याचा प्रवेश कायद्याने पक्का ठरत नाही.

प्रवेशाचा मार्ग कोणता, यावर शुल्क सवलतही अवलंबून असते. राज्य शासनाच्या शुल्क सवलत योजनांचा लाभ सर्वसाधारणपणे केंद्रीभूत प्रक्रियेतून आलेल्या विद्यार्थ्यांनाच मिळतो. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागासवर्ग यांतील, वार्षिक कौटुंबिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असलेल्या मुलींना शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क यांत ५० ऐवजी १०० टक्के सवलत देण्याचा निर्णय झाला. संस्थास्तरावरील जागा पत्करणारी विद्यार्थिनी अशा सवलतीला मुकते.

विहित अंतिम दिनांकापूर्वी प्रवेश रद्द केल्यास प्रक्रिया शुल्क म्हणून जास्तीत जास्त १,००० रुपये कापून उर्वरित रक्कम परत करावी, असा तंत्रशिक्षण परिषदेचा नियम आहे. विद्यार्थ्याची मूळ प्रमाणपत्रे पडताळणीनंतर परत करणे संस्थेवर बंधनकारक आहे. शुल्क थकले या कारणासाठी ती अडवून ठेवता येत नाहीत.

उपस्थिती

परीक्षेस बसण्यासाठी सर्वसाधारणपणे ७५ टक्के उपस्थिती आवश्यक असते. उपस्थिती विषयवार मोजावी की एकूण, आजारपणासारख्या कारणासाठी किती सूट द्यावी, हे विद्यापीठाच्या अध्यादेशावर अवलंबून असते. वैद्यकीय प्रमाणपत्र दिले म्हणजे सूट हक्काने मिळते असे नाही. प्राचार्य किंवा संचालक यांच्या अधिकारात व विहित मर्यादेतच ती दिली जाते. उपस्थिती अपुरी राहिलेल्या विद्यार्थ्याचे सत्र ‘मान्य’ होत नाही आणि त्याला ते सत्र पुन्हा पूर्ण करावे लागू शकते. परीक्षेत अनुत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याला केवळ परीक्षा पुन्हा द्यावी लागते, तर सत्र अमान्य झालेल्याला वर्गही पुन्हा करावे लागतात. या दृष्टीने उपस्थितीचा नियम परीक्षेच्या निकालापेक्षा कठोर ठरतो.

नोकरी करून पूर्णवेळ एम.बी.ए. करू पाहणाऱ्यांची अडचण प्रामुख्याने याच नियमामुळे होते. त्यांच्यासाठी अर्धवेळ, दूरस्थ व ऑनलाइन अभ्यासक्रमांचे पर्याय आहेत. दूरस्थ व ऑनलाइन अभ्यासक्रम विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या विनियमांनुसार चालतात. आयोगाने मान्यता दिलेल्या संस्थेतून व मान्य अभ्यासक्रमातून घेतलेली अशी पदवी नियमित पदवीशी समकक्ष मानली जाते. राज्यात यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ, नाशिक (स्थापना १९८९) हे दूरशिक्षणाचे प्रमुख केंद्र आहे.

श्रेयांक व श्रेणी

अभ्यासाचा भार श्रेयांकांत (क्रेडिट) मोजला जातो. आठवड्याला एक तासाचे व्याख्यान किंवा दोन तासांचे प्रात्यक्षिक, असे पूर्ण सत्रभर चालले म्हणजे एक श्रेयांक होतो. विषय अनिवार्य (गाभा) व वैकल्पिक अशा दोन प्रकारचे असतात. पहिल्या वर्षी लेखांकन, विपणन, अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, संघटनात्मक वर्तन यांसारखे समान विषय असतात. दुसऱ्या वर्षी विपणन, वित्त, मानव संसाधन, परिचालन यांपैकी एका शाखेत विशेषीकरण केले जाते.

विद्यापीठ अनुदान आयोगाने सुचवलेल्या दहा गुणांच्या श्रेणीपद्धतीत ओ (१०), ए प्लस (९), ए (८), बी प्लस (७), बी (६), सी (५), पी (४) व एफ (०) अशा श्रेणी आहेत. एफ म्हणजे अनुत्तीर्ण. अनुपस्थित विद्यार्थ्यासही शून्यच मिळते.

सत्राची श्रेणी सरासरी (एस.जी.पी.ए.) काढताना प्रत्येक विषयाच्या श्रेणीगुणांना त्या विषयाच्या श्रेयांकांनी गुणतात आणि आलेल्या बेरजेला एकूण श्रेयांकांनी भागतात. उदाहरणार्थ, एका विद्यार्थ्याचा निकाल पुढीलप्रमाणे आहे असे समजू:

विपणन व्यवस्थापन: ४ श्रेयांक, श्रेणी ए; ४ × ८ = ३२
वित्तीय लेखांकन: ४ श्रेयांक, श्रेणी बी प्लस; ४ × ७ = २८
संघटनात्मक वर्तन: ४ श्रेयांक, श्रेणी ए प्लस; ४ × ९ = ३६
व्यवसाय संख्याशास्त्र: ४ श्रेयांक, श्रेणी पी; ४ × ४ = १६
व्यावसायिक संवाद: २ श्रेयांक, श्रेणी ओ; २ × १० = २०

एकूण श्रेयांक १८ व बेरीज १३२ असल्याने सत्राची सरासरी १३२ ÷ १८ = ७.३३ येते. पाच श्रेणीगुणांची साधी सरासरी मात्र ७.६ आली असती. व्यावसायिक संवादात सर्वोच्च श्रेणी मिळाली असली तरी तो विषय दोनच श्रेयांकांचा आहे. संख्याशास्त्रातील कमी श्रेणी चार श्रेयांकांची आहे. म्हणून अभ्यासाचे नियोजन करताना विषयाची श्रेयांकसंख्या पाहणे आवश्यक ठरते. सर्व सत्रांच्या सरासऱ्यांना त्या सत्रांच्या श्रेयांकांनी गुणून याच रीतीने एकत्रित श्रेणी सरासरी (सी.जी.पी.ए.) काढतात. श्रेणी सरासरीचे टक्केवारीत रूपांतर करण्याचे सूत्र सर्व विद्यापीठांत एकच नाही. ते बहुधा गुणपत्रकाच्या मागील बाजूस दिलेले असते.

मूल्यमापन व उत्तीर्णता

प्रत्येक विषयाचे मूल्यमापन दोन भागांत होते. अंतर्गत मूल्यमापनात चाचण्या, सादरीकरणे, व्यवसाय-प्रसंगांचे विश्लेषण (केस स्टडी) व गटकार्य यांचा समावेश असतो. सत्रान्त लेखी परीक्षा विद्यापीठ घेते. उत्तीर्णतेसाठी काही विद्यापीठांत ४०, तर काहींत ५० टक्के गुण लागतात. अनेक ठिकाणी अंतर्गत व लेखी असे दोन्ही भाग ‘स्वतंत्र शीर्ष’ मानले जातात. त्यामुळे दोन्ही भागांची बेरीज पुरेशी असूनही एका भागात किमान गुण नसल्यास विद्यार्थी त्या विषयात अनुत्तीर्ण ठरतो.

काही विषय राहिले तरी अटीवर पुढील वर्षात जाण्याची मुभा असते. तिला ए.टी.के.टी. (अलाऊड टू कीप टर्म्स) असे म्हणतात आणि विद्यार्थ्यांच्या बोलण्यात ती ‘केटी’ म्हणून रूढ आहे. पहिल्या सत्रातून दुसऱ्यात जाण्यास सहसा अडसर नसतो. तिसऱ्या सत्रात जाण्यासाठी मात्र पहिल्या वर्षाच्या श्रेयांकांपैकी ठरावीक हिस्सा मिळवलेला असावा लागतो किंवा राहिलेल्या विषयांची संख्या विहित मर्यादेत असावी लागते. ही अट पूर्ण न झाल्यास विद्यार्थ्याचे वर्ष वाया जाते. शिवाय दुसऱ्या वर्षी संस्थेत होणाऱ्या नोकरभरतीच्या वेळी अनेक आस्थापना ‘एकही विषय बाकी नसावा’ अशी अट घालतात. ही अट विद्यापीठाची नसून भरती करणाऱ्याची असते. तथापि तिचा परिणाम विद्यापीठाच्या नियमाइतकाच होतो.

उन्हाळी प्रशिक्षण व प्रकल्प अहवाल

दुसऱ्या सत्रानंतर साधारण सहा ते आठ आठवडे एखाद्या आस्थापनेत प्रशिक्षण घ्यावे लागते. विद्यार्थ्याने मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली अहवाल लिहून सादर करावयाचा असतो. त्यासोबत आस्थापनेचे प्रमाणपत्र जोडावे लागते आणि तोंडी परीक्षा होते. या प्रकल्पाला स्वतंत्र श्रेयांक असल्याने तो पूर्ण केल्याशिवाय पदवी मिळत नाही.

प्रबंध व प्रबंधिका यांतील वाङ्मयचौर्याबाबत विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये विनियम केले. त्यानुसार अन्य मजकुराशी साम्य १० टक्क्यांपर्यंत असल्यास शिक्षा नसते. १० ते ४० टक्के साम्य असल्यास सहा महिन्यांच्या आत सुधारित लेखन सादर करावे लागते. ४० ते ६० टक्के असल्यास एक वर्षापर्यंत सुधारित लेखन सादर करण्यास मनाई होते आणि ६० टक्क्यांहून अधिक साम्य आढळल्यास नोंदणी रद्द होते. योग्य श्रेय देऊन घेतलेली अवतरणे, संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना, कायद्यांची कलमे, समीकरणे इत्यादी भाग या मोजणीतून वगळले जातात. मागील वर्षाचा अहवाल नाव बदलून सादर करण्याची प्रवृत्ती त्यामुळे धोक्याची ठरते.

परीक्षेतील शिस्त व निकाल

परीक्षेतील गैरप्रकारांसाठी विद्यापीठ चौकशी समिती नेमते. आरोप झालेल्या विद्यार्थ्याला आपले म्हणणे मांडण्याची संधी दिली जाते. दोष सिद्ध झाल्यास त्या विषयाचा किंवा संपूर्ण परीक्षेचा निकाल रद्द होणे, तसेच पुढील परीक्षांस बसण्यास मनाई होणे, अशा शिक्षा होऊ शकतात. प्रश्नपत्रिका फोडणे, तोतया उमेदवार बसवणे यांसारखी कृत्ये राज्याच्या १९८२ च्या परीक्षा गैरप्रकार प्रतिबंधक कायद्यान्वये फौजदारी गुन्हा ठरतात.

विद्यापीठाने परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत आणि कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांत निकाल जाहीर करावा, अशी तरतूद २०१६ च्या अधिनियमात आहे. निकालाविषयी शंका असल्यास विहित मुदतीत शुल्क भरून उत्तरपत्रिकेची छायाप्रत, गुणांची फेरमोजणी किंवा पुनर्मूल्यांकन मागता येते. तपासलेली उत्तरपत्रिका ही माहिती अधिकार कायद्यान्वये परीक्षार्थीला मिळू शकणारी माहिती आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये दिला.

कालमर्यादा व श्रेयांक पेढी

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पदवी पूर्ण करण्यासाठी अभ्यासक्रमाच्या मूळ कालावधीपेक्षा दोन वर्षे अधिक आणि अपवादात्मक परिस्थितीत आणखी एक वर्ष देता येते. दोन वर्षांच्या एम.बी.ए. साठी ही मर्यादा अनुक्रमे चार व पाच वर्षे होते. ती ओलांडल्यास आधी मिळवलेले यश व्यर्थ जाण्याची शक्यता असते.

२०२१ मध्ये आयोगाने ‘शैक्षणिक श्रेयांक पेढी’ची व्यवस्था सुरू केली. विद्यार्थ्याने मिळवलेले श्रेयांक या पेढीत जमा होतात आणि जास्तीत जास्त सात वर्षे वैध राहतात. पदवी देणाऱ्या संस्थेतून मात्र किमान ५० टक्के श्रेयांक मिळवावे लागतात. आजारपण, विवाह, नोकरी किंवा कौटुंबिक अडचण यांमुळे शिक्षणात खंड पडलेल्या विद्यार्थ्यांना या व्यवस्थेचा उपयोग होऊ शकतो.

तक्रार निवारण

आयोगाच्या २०२३ च्या विनियमांनुसार प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असणे बंधनकारक आहे. जाहीर धोरणाविरुद्ध दिलेले प्रवेश, मूळ कागदपत्रे अडवणे, शुल्क परत न करणे, परीक्षा किंवा निकालातील विलंब, मूल्यमापनातील अपारदर्शकता इत्यादी बाबी तिच्या कक्षेत येतात. समितीने १५ कामकाजाच्या दिवसांत आपला अहवाल द्यावयाचा असतो. त्याने समाधान न झाल्यास विद्यार्थ्याला १५ दिवसांच्या आत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करता येते. लोकपालाने ३० कामकाजाच्या दिवसांत अपील निकाली काढणे अपेक्षित असते. लोकपाल हा निवृत्त कुलगुरू, निवृत्त प्राध्यापक किंवा माजी जिल्हा न्यायाधीश असतो.

नियमांतील बदल

विद्यार्थ्याला साधारणतः तो ज्या वर्षी प्रवेश घेतो त्या वर्षीच्या अभ्यासक्रमाचा ‘पॅटर्न’ लागू होतो. मध्येच अभ्यासक्रम बदलल्यास जुन्या पद्धतीच्या विद्यार्थ्यांना विहित संख्येइतक्या संधी दिल्या जातात आणि त्यानंतर त्यांना नव्या अभ्यासक्रमातील समकक्ष विषयांची परीक्षा द्यावी लागते. सामाईक परीक्षेची रचना, शुल्क सवलती व प्रवेशाचे वेळापत्रक यांत दरवर्षी बदल संभवतात. त्यामुळे प्रवेशवर्षाची अधिकृत माहितीपुस्तिका आणि विद्यापीठाचा त्या पॅटर्नचा अध्यादेश हेच या बाबतींत अंतिम आधार मानले जातात.